स्टिकरने भिंत सुधारत नाही

भाड्याच्या घरातलं स्वयंपाकघर मालकाला न विचारता, भिंतीला एकही खिळा न ठोकता, रविवारच्या एका दुपारी नवं करून दाखवायचं, ही कल्पना आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. मोबाइलवरून ती तालुक्यातालुक्यांत पोचली आहे आणि तिला लागणारं सामान भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरलाही कुरियरने घरपोच येतं. हे सामान ठरलेलं असतं: शेगडीमागच्या भिंतीसाठी संगमरवराची नक्षी छापलेला चिकट कागद किंवा चंदेरी तेलरोधक शीट, ओट्यासाठी ग्रॅनाइटसारखं दिसणारं व्हिनाइल, कपाटाच्या दारांसाठी लाकडी रेघांचा रोल, उरलेल्या भिंतीसाठी विटांचा उठाव असलेले फोमचे तुकडे आणि सगळीकडे चिकटणारे हूक. या सल्ल्यामागे चार गृहीतकं आहेत. हे स्वस्त आहे, यात धोका नाही, जाताना हे अलगद निघून येतं आणि यासाठी मालकाशी बोलावं लागत नाही. पहिली तीन गृहीतकं आपल्याकडच्या भिंतींवर टिकत नाहीत. चौथं खरं आहे, पण या प्रकारातला सर्वांत मोठा तोटाही तोच आहे. भाड्याच्या स्वयंपाकघरातली खरी अडचण ओल, धूर, अंधार, तुंबणारी मोरी आणि गैरसोयीचा ओटा ही असते. त्यातली एकही गोष्ट काही चिकटवून सुटत नाही. उलट एकदा चिकटवलं की दुरुस्ती मागायची वेळ निघून जाते.

लाखांदूरसारख्या गावात भाड्याने कोण राहतं, ते आधी पाहू. तहसील कार्यालय, पंचायत समिती, ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाणं, बँका आणि शाळा यांमुळे इथे बदलीवर येणाऱ्या कुटुंबांचा राबता असतो. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका, बँकेतले कर्मचारी अशी ही माणसं. राज्याचा बदल्यांविषयीचा २००५चा कायदा एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा धरतो. तीन वर्षांसाठी कोणी घर बांधत नाही, पण रोज दोन वेळा ओल्या भिंतीसमोर उभं राहून स्वयंपाक करायला हा काळ फार मोठा आहे. किरायाने मिळतात त्या बहुधा मालकाच्या घराच्या बाजूला किंवा मागे काढलेल्या दोन-तीन खोल्या. जुन्या घरात मातीत जुळवलेल्या विटांच्या भिंती आणि वर कवेलू, नव्यात स्लॅब नाहीतर टिनाचं छत. स्वयंपाकखोली सगळ्यांत मागची आणि एका खिडकीची. भिंतीला चुना किंवा साधं डिस्टेंपर. ओट्यामागे टाइल्स असल्याच तर दोन ओळी. चिकट शीटच्या जाहिरातीत दिसतं ते स्वयंपाकघर वेगळं असतं. त्यात भिंतीला काचेसारख्या टाइल्स असतात, वर चिमणी असते आणि शेगडीवर बहुधा काही शिजत नसतं. सल्ला त्या स्वयंपाकघरासाठी तयार झालेला आहे आणि तो पाळला जातो या स्वयंपाकखोलीत. इथेच त्याचं गणित चुकतं.

चिकट शीटच्या पाठीला दाबाने चिकटणारा गोंद असतो, बहुतेकदा अॅक्रिलिकचा. त्याला गुळगुळीत, कोरडा, तेलकटपणा नसलेला आणि भुकटी न सुटणारा पृष्ठभाग लागतो. चुन्याच्या भिंतीवरून हात फिरवला की तळवा पांढरा होतो, म्हणजे शेवटची अट तिथेच मोडते. गोंद त्या सुट्या थराला धरतो आणि तो थर स्वतःच भिंतीला धड धरून नसतो. पुढचा प्रश्न पाण्याचा. भंडारा जिल्ह्यात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांचा हा तालुका, भोवती पाणी धरून ठेवलेल्या धानाच्या बांध्या. पायातून भिंतीत ओल चढणं हे इथल्या जुन्या घरांचं नेहमीचं दुखणं आहे. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराने या पट्ट्यातल्या अनेक घरांच्या भिंती पाण्यात उभ्या राहिल्या होत्या. तशा भिंतींना पुरतं वाळायला महिने लागतात. माती आणि चुना यांतून ही ओल वाफ होऊन बाहेर पडते, म्हणून चुन्याची भिंत कळकट झाली तरी वाळते. व्हिनाइलमधून वाफ जात नाही. शीट लावली की ओल मागे कोंडते, आणखी वर चढते, गिलाव्यावर पांढरी पूड फुटते आणि शीटच्या मागे बुरशी धरते. कोपरे सुटले की तिथे झुरळं राहायला येतात. बाहेरून मात्र संगमरवराची नक्षी तशीच दिसत राहते. भिंत खराब होत असताना ती खराब झाल्याचं कळू न देणारी वस्तू म्हणजे सुधारणा नव्हे.

आता 'जाताना सोलून काढा' या आश्वासनाकडे येऊ. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून पीव्हीसीत तेलासारखी रसायनं मिसळलेली असतात. काळ आणि उष्णता यांच्या जोरावर ती हळूहळू गोंदात उतरतात आणि गोंद चिकचिकीत होतो. पूर्व विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. टिनाच्या छताखाली, पेटलेल्या शेगडीमागच्या भिंतीचं तापमान त्याहून बरंच वर असतं. अशा भिंतीवरून तीन वर्षांनी शीट ओढली की चुना असेल तर पोपड्यासकट निघते, ऑइलपेंट असेल तर रंगाचे लचके तोडते आणि टाइल असेल तर गोंदाचा थर मागे ठेवते, जो मग रॉकेल किंवा थिनर लावून खरवडावा लागतो. यात कायद्याचा एक बारकावा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२चं कलम १०८ सांगतं की, भाडेकरूने घर घेताना होतं तशा स्थितीत परत करायचं, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. फोडणीच्या धुराने पिवळी पडलेली भिंत ही सरळसरळ वापराची झीज आहे. तिच्यासाठी अनामत रकमेतून काही कापण्याचं कारण नाही. पोपडे सोललेली भिंत मात्र भाडेकरूने स्वतःच्या हाताने केलेलं नुकसान ठरते. अनामत वाचवण्यासाठी लावलेली शीट अशा रीतीने जी जबाबदारी भाडेकरूवर नव्हतीच, ती त्याच्या अंगावर आणून सोडते.

सुरक्षिततेची बाजू याहून गंभीर आहे. विटांचा उठाव असलेले तुकडे पॉलिइथिलीनच्या फोमचे असतात. ते पेट घेतात आणि जळताना वितळून ठिपकतात. मऊ पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा घसा-डोळे जाळणारा धूर सोडतं. चंदेरी शीट स्वतः लवकर पेटत नाही, पण अॅल्युमिनियम विजेचं वाहक असतं आणि आपल्याकडे मिक्सरचा स्विचबोर्ड ओट्याच्या अगदी वर, शीट जिथे संपवायची तिथेच असतो. त्यात सगळं झाकून नीटनेटकं दिसण्याच्या हौसेने सिलिंडरपुढे पडदा लावला जातो किंवा तो बंद कपाटात जातो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की जमिनीलगत साचतो; म्हणून सिलिंडर उभा आणि मोकळ्या हवेत ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर ठेवा आणि जवळ पडदे वा पेट घेणाऱ्या वस्तू नकोत, या सूचना गॅस कंपन्या वर्षानुवर्षं देत आल्या आहेत. एका खिडकीच्या खोलीत यातली कोणतीही सूचना शोभेसाठी मोडणं परवडणारं नाही.

इथवर आक्षेप वस्तूंवर होता. मूळ आक्षेप मात्र या सल्ल्यामागच्या वृत्तीवर आहे. भाडेकरूला घरात काहीही बदलण्याचा हक्क नाही, म्हणून त्याने गुपचूप आणि वरवरचं तेवढं करावं, असं तो गृहीत धरतो. कायदा तसं म्हणत नाही. १८८२च्या त्याच कलम १०८मध्ये लिहिलं आहे की, भाडेकरूने जमिनीला जोडलेली वस्तू तो घर ताब्यात असेपर्यंत काढून नेऊ शकतो, अट एवढीच की घर पूर्वीच्या स्थितीत राहिलं पाहिजे. काढून नेता येण्याजोगी सोय ही आजची नवलाई नाही. तिला जवळजवळ दीडशे वर्षांचा कायदेशीर आधार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याहून पुढे जातो. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कायम स्वरूपाचं बांधकाम केलं तर भाडेकरूकडून ताबा मागता येतो, असं त्याचं कलम १६ सांगतं. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात अशा बांधकामातून काही कामं वगळलेली आहेत. स्वयंपाकघरातला उभ्याने काम करायचा ओटा, हवेसाठी गरजेची खिडकी, धूर बाहेर टाकणारा मार्ग, धुराडं आणि लाकडी पार्टिशन ही त्यांत आहेत. जिथे लागते तिथे नगरपालिकेची परवानगी घ्यायची एवढंच. स्वयंपाक करणाऱ्याला काय लागतं हे विधिमंडळाने नेमकं ओळखलं होतं. त्या यादीत ओटा, हवा आणि धुराची वाट आहे, नक्षीदार कागद नाही. व्यंकटलाल पित्ती विरुद्ध ब्राइट ब्रदर्स या १९८७च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही कायम बांधकाम ठरवताना करणाऱ्याचा हेतू, जोडण्याची पद्धत आणि नुकसान न करता ते काढता येतं का, या कसोट्यांना महत्त्व दिलं. खिडकीच्या चौकटीत स्क्रूने बसवलेला एक्झॉस्ट पंखा या कसोट्यांवर चोख उतरतो.

दुरुस्तीचंही तसंच. घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी १९९९च्या कायद्याचं कलम १४ मालकावर टाकतं. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. भाडं महिना ३००० रुपये धरलं तर ही रक्कम ९००० होते. मोरीचा पाइप बदलणं, ओल आलेला गिलावा खरवडून नवा करणं अशा कामांना ती बऱ्यापैकी पुरते. केंद्र सरकारने २०२१मध्ये मंजूर केलेल्या नमुना भाडेकरार कायद्यातही, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, भिंतींची सफेदी, गरजेनुसार नळाचे पाइप बदलणं आणि वायरिंग ही कामं मालकाच्या यादीत आहेत. नळाचे वॉशर, नाली साफ करणं आणि स्वयंपाकघरातल्या जोडण्यांची दुरुस्ती भाडेकरूच्या. हा कायदा राज्याने स्वीकारल्याखेरीज बंधनकारक होत नाही, पण न्याय्य वाटणी कशी असते ते त्यातून कळतं. आता ज्या भिंतीची सफेदी मालकाने करायची, ती भाडेकरूने स्वतःच्या पैशाने कागद लावून झाकली की प्रत्यक्षात काय घडतं? मालकाचा खर्च वाचतो, ओल तशीच राहते आणि पुढच्या भाडेकरूला खोली दाखवताना तीच खोली 'सजवलेली' म्हणून थोड्या जास्त भाड्याने जाते.

यावर पहिला प्रतिवाद असा येईल की, हा सगळा कायदा मुंबई-पुण्याचा, लाखांदूरच्या खोलीपर्यंत तो कुठे पोचतो? प्रश्न रास्त आहे. १९९९चा कायदा राज्यातल्या प्रत्येक गावाला सरसकट लागू नाही. अनुसूचीतल्या आणि जुन्या भाडेकायद्यांखाली असलेल्या क्षेत्रांना तो लागू होतो. शिवाय लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा माणूस कायद्याच्या नजरेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो, त्यामुळे भाडेकरूची कलमं त्याला आपोआप मिळत नाहीत. पण यातून निष्कर्ष निघतो तो चिकट कागद आणण्याचा नव्हे, तर जे हवं ते करारात लिहून घेण्याचा. जिथे १९९९चा कायदा लागू आहे तिथे कलम ५५नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी मालकाची असते, आणि असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू किंवा परवानाधारकाचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. जिथे तो लागू नाही तिथे १८८२चा कायदा आहेच, आणि त्याच्या बऱ्याचशा तरतुदी करारात वेगळं ठरलं नसेल तेव्हाच चालतात. म्हणजे तिथेही लेखी शब्दाचं वजन मोठं. कागदाच्या रोलवर काही शे रुपये घालण्याआधी कराराच्या कागदावर चार ओळी वाढवणं जास्त फायद्याचं आहे. सुरुवातीला सफेदी करून द्यावी, मोरीचा निचरा दुरुस्त करावा, एक्झॉस्ट बसवायला हरकत नसावी, भाडेकरूने बसवलेल्या वस्तू तो जाताना नेईल: एवढ्या त्या चार ओळी.

दुसरा प्रतिवाद अधिक व्यवहारी आहे. मागितलं तर मालक 'दुसरं घर पाहा' म्हणेल. नव्या गावात आलेल्या कुटुंबाने वाद कशाला ओढवून घ्यायचा? भाडेकरूची बाजू दुबळी असते हे मान्यच करायला हवं. पण ती सगळीकडे आणि सदासर्वदा सारखीच दुबळी नसते. किल्ली घेण्याआधी, अनामत देण्याआधी ती सर्वांत भक्कम असते, आणि नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघर बोलण्यात येत नाही. बोलणी होतात भाड्याची, पाण्याची, विजेच्या मीटरची आणि गाडी कुठे लावायची याची. ती बहुधा दोन पुरुषांत होतात आणि त्या ओट्यापुढे ज्या बाईला रोज उभं राहायचं असतं ती खोलीत फिरून परत निघालेली असते. नियमित पगार असलेला, तीन वर्षं टिकणारा भाडेकरू छोट्या गावातल्या मालकालाही हवाच असतो, कारण खोली दोन महिने रिकामी राहिली तर जे बुडतं ते सफेदीच्या खर्चापेक्षा कमी नसतं. हौसेची सजावट म्हणून हे काम बाईच्या अंगावर सोपवलं की घराच्या व्यवहारातला एक मुद्दा तिच्या फावल्या वेळाचा छंद बनतो. तिची गैरसोय मग तिने स्वतःच निस्तरायची असते आणि वर फोटोही सुंदर काढायचा असतो.

तिसरा प्रतिवाद सौंदर्याचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बदलीच्या गावी, परक्या खोलीत, थोडंसं आपलेपण वाटावं म्हणून कोणी दोन रोल आणले तर बिघडलं काय? डोळ्यांना बरं वाटणं हीसुद्धा गरज आहे. पण सौंदर्य नजरेपुरतं कुठे चालतं आणि कुठे नाही, हे इथल्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, माणसाला वेगळं सांगायला नको. शेजारच्या वडशाहून निघणाऱ्या नाटक मंडळ्या गावोगाव रंगमंच उभा करतात आणि खेळ संपला की उतरवतात. रंगवलेला पडदा राजवाडा होतो, कारण प्रेक्षक समोर बसलेला असतो आणि त्या राजवाड्यात कोणाला भाकरी भाजायची नसते. स्वयंपाकखोली समोरून बघायची नसते, आत उभं राहून वापरायची असते. म्हणून शोभेचं सामान नाकारायचं नाही, त्याची जागा ठरवायची. टाइलवर, लोखंडी कपाटाच्या दारावर, फळीवर, खणाच्या तळाशी, शेगडीपासून दूर आणि कोरड्या जागी चिकट शीट खुशाल लावावी. तिथे ती टिकते आणि फारसं नुकसान न करता निघतेही. चुन्याच्या, ओलीच्या आणि आचेजवळच्या भिंतीवर ती लावू नये, एवढंच म्हणणं आहे.

आणि स्वस्तपणाचा हिशेब शेवटपर्यंत करावा. सोलून काढलेल्या व्हिनाइलला भंगारवालाही हात लावत नाही. ते कचऱ्यात जातं आणि पुढच्या गावी नवे रोल येतात. याउलट खऱ्या अर्थाने काढता येणाऱ्या वस्तू आपल्या घरांना पूर्वीपासून माहीत आहेत. स्टीलची मांडणी, जाळीचं कपाट, कमरेच्या उंचीचं लोखंडी टेबल आणि त्यावर कडप्प्याची सुटी फरशी, खिडकीत बसणारा एक्झॉस्ट पंखा, शेगडीच्या मागे भिंतीपासून बोटभर अंतर सोडून उभा केलेला स्टीलचा पत्रा, ओट्यावर नीट उजेड पाडणारी एलईडीची पट्टी. पितळेच्या भांड्यांसाठी नाव असलेल्या या जिल्ह्यात स्वयंपाकखोलीची शोभा भिंतीवर नव्हतीच. ती घासूनपुसून मांडणीवर लावलेल्या भांड्यांत होती. टेबलाने ओट्याची उंची सुटते, पंख्याने धूर जातो, सुट्या पत्र्यामागून भिंतीला हवा लागते आणि पत्रा धुता येतो. हे सगळं बदलीच्या ट्रकमध्ये चढतं, पुढच्या घरी कामाला लागतं आणि अगदीच नको झालं तरी लोखंड-स्टीलला मोड येते. सुरुवातीचा खर्च रोलपेक्षा जास्त आहे हे खरं, पण तो एकदाच आहे.

काढता येणारी सुधारणा कोणती, याची कसोटी म्हणून साधीच ठेवावी लागेल: ती निघाल्यावर पुढच्या घरात वापरता आली पाहिजे आणि मागच्या घराची भिंत होती तशी राहिली पाहिजे. या कसोटीवर चिकट कागदाचे बहुतेक प्रकार नापास होतात आणि मांडणी, टेबल, पंखा पास होतात. म्हणून नव्या गावी खोली पाहायला जाल तेव्हा जी किंवा जो स्वयंपाक करणार, तिला किंवा त्याला बोलणीत बसवा. भिंतीला हात लावून ओल पाहा, मोरीत बादलीभर पाणी ओतून निचरा पाहा, खिडकी उघडते का ते पाहा. जे दुरुस्त करून हवं ते किल्ली घेण्याआधी मागा आणि करारात लिहून घ्या. जे स्वतः आणायचं ते उचलून नेता येईल असंच आणा. मालकाची भिंत सुधारणं मालकाचं काम आहे, ते त्यालाच करू द्या.